बोटीचं इंजिन डिझेल जास्त पितंय? पंप खोलण्याआधी हे बघा

३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते, ऑगस्टच्या पहिल्या दोन फेऱ्या होतात न होतात तोच माझा फोन वाजायला लागतो. तक्रार ठरलेली. "मिस्त्री, गेल्या साली ह्याच फेरीला लागायचं त्याच्या दीडपट डिझेल लागतंय. पंप उतरवून पाठवू काय?"

मी विचारतो, "बोटीखाली कोण गेला होता?"

मग पलीकडून थोडा वेळ काही आवाज येत नाही.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं बघतो, बोलावलं तर जयगड, साखरीनाट्यापर्यंत जातो. माझ्याकडे येणारी इंजिनं बहुतेक जुनी. ट्रकच्या घराण्यातली सहा सिलिंडरची, मरीन करून बसवलेली, साधारण शंभर एचपीच्या आसपासची. काही त्याहून म्हातारी, सावकाश फिरणारी. सगळ्यांना जुन्या पद्धतीचा, यंत्रावर चालणारा फ्यूएल पंप, म्हणजे सिलिंडरांना डिझेल मोजून सोडणारा. खाली लिहिलंय ते अशाच इंजिनांना लागू. तुमचं इंजिन नवं, कॉमन रेलचं आणि संगणकावर चालणारं असेल तर बोटीचा तळ आणि पंख्याचा (पाण्यातल्या प्रोपेलरचा) भाग तेवढा वाचा. इंजिनाच्या पायपांना हात लावू नका.

एक हिशोब आधी डोक्यात पक्का करा. अशा डिझेल इंजिनाला एक एचपी एक तासभर काढायला साधारण पाव लिटरपेक्षा थोडं कमी, म्हणजे ०.२ लिटरच्या जवळपास डिझेल लागतं. शंभर एचपी खरोखर वापरली तर तासाला वीस लिटर. नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड) झिजले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बिघडले, तरी तेवढ्याच कामाला माझ्या अनुभवात दहा-पंधरा टक्के जास्त जातं. दीडपट जात नाही. दीडपट डिझेल जात असेल तर इंजिनावर दीडपट काम पडतंय, नाहीतर डिझेल इंजिनात पोचायच्या आधीच कुठेतरी जातंय, नाहीतर मोजण्यात घोळ आहे. ह्या तिन्हींतलं एकही पंपात नसतं. म्हणून पंप सगळ्यात शेवटी.

लक्षणं

मालक "डिझेल जास्त जातंय" एवढंच सांगतो. ते लक्षण नाही, ती बिलाची रक्कम आहे. मला हवं असतं ते तांडेलाकडून, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडून:

- थ्रॉटल पूर्ण ओढला तरी इंजिन पूर्वीच्या आरपीएमला जात नाही का?
- आरपीएम पूर्वीएवढाच, पण बोट मागे पडते का? जयगडहून निघालेली बरोबरची बोट आधी पोचते का?
- आरपीएमही ठीक, वेगही ठीक, तरी टाकी लवकर रिकामी होते का?
- धूर कसला? काळा, पांढरा की निळसर?
- पाण्याचं तापमान नेहमीपेक्षा जास्त की कमी? कमी असलं तरी सांगा.
- डिपस्टिकवर ऑइल वर चढलंय का?
- पायाखाली फळ्या थरथरतात का? कुठल्या आरपीएमला?

पहिल्या तीन प्रश्नांत निम्मं निदान होतं. आरपीएम चढत नाही आणि काळा धूर येतो, म्हणजे इंजिनावर ओझं जास्त आहे किंवा त्याला हवा कमी पडतेय. आरपीएम आहे पण वेग नाही, म्हणजे ताकद पंख्यापर्यंत किंवा पंख्यापासून पाण्यात नीट उतरत नाही: तळ, पंखा, नाहीतर गिअर बॉक्सचा क्लच. दोन्ही ठीक आणि तरी टाकी लवकर रिकामी, तर गळती, मोजमाप किंवा माणूस.

आधी मोजा, मग बोला

"दोन बॅरल लागायची, आता तीन लागतात" हे मोजमाप नव्हे. गेल्या साली तुम्ही बारा वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात जाळं मारत होता, यंदा मासळी बाहेर गेली म्हणून पंचवीस वावाच्या पुढे जाताय. जाण्यायेण्याचं अंतरच वाढलं. बर्फ किती होता, परत येताना वाऱ्याला तोंड होतं का, रात्रभर इंजिन दिव्यांसाठी चालू ठेवलं का, ह्यानेही आकडा हलतो. असलं इंजिन नुसतं आयडलला तासाला दीड-दोन लिटर पितं. दहा तासांची रात्र म्हणजे पंधरा-वीस लिटर, तेही बोट जागची न हलता.

डिझेलच्या कर परताव्यासाठी सोसायटीच्या पंपाच्या पावत्या तुम्ही जपून ठेवताच. त्याच पावत्यांच्या मागे फेरीचे दिवस, इंजिन चाललेले तास आणि कुठवर गेलात ते पेन्सिलीनं लिहा. फुकटात वही तयार होते.

खरं मोजमाप मात्र कॅनचं. वीस लिटरचा अर्धपारदर्शक कॅन घ्या, लिटर-लिटरवर मार्करनं रेघ मारा. टाकीचा कॉक बंद करून इंजिनाला जाणारी नळी त्या कॅनमध्ये सोडा. आणि परतीची नळीसुद्धा त्याच कॅनमध्ये सोडा. इथं दहातले सात जण चुकतात. पंप लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. परतीची नळी टाकीतच राहिली तर कॅन भराभर उतरतो आणि तुम्ही इंजिनाला शिव्या देता. कॅन नीट बांधा, सायलेन्सरपासून लांब ठेवा, तळाशी पाच लिटर राहिले की थांबा. तळाला जाऊ दिलंत तर लाइनीत हवा शिरेल आणि खाडीच्या तोंडाशी ब्लीडिंग करत, म्हणजे ती हवा काढत बसाल.

रोजच्या आरपीएमला अर्धा तास चालवा. त्याच वेळी मोबाइलच्या किंवा प्लॉटरच्या जीपीएसवर वेग बघा, पण एकदा पाण्याच्या ओढीबरोबर आणि एकदा उलट, आणि दोन्हींची सरासरी काढा. भरतीच्या ओढीत एकाच दिशेनं मोजलेला वेग म्हणजे बाजारगप्पा. आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत, तासाला लिटर आणि तासाला (सागरी) मैल. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, मैलाला किती लिटर ते मिळेल. पुढचं सगळं ह्या एका आकड्यावर.

आरपीएम मीटरवरही आंधळा विश्वास नको. बऱ्याच जुन्या बोटींत तो अल्टरनेटरवरून चालतो. पट्टा सैल झाला किंवा कोणी वेगळ्या मापाची पुली बसवली की काटा खोटं बोलतो. एका बोटीवर तांडेल शपथेवर सांगत होता की तो १५०० वर चालवतो. लेझर टॅकोमीटर क्रँकच्या पुलीवर धरला तर साडेसतराशेच्या वर. वर्षभर तो बिचारा इमानदारीनं जास्त थ्रॉटल ओढत होता. हा टॅकोमीटर महाग नाही, आणि पुढेही लागणार आहे.

थ्रॉटल

एक पैसा न खर्चता सगळ्यात जास्त डिझेल इथं वाचतं, आणि हेच कोणाला ऐकायचं नसतं.

पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनानं वाढते. १८०० वर तासाला वीस लिटर जात असतील तर १५०० वर ताकद जवळजवळ ५८ टक्केच लागते, म्हणजे साधारण बारा लिटर. वेग मात्र तेवढा पडत नाही. आठ मैलांचा सात होईल. तीस मैलांच्या फेरीला आठनं गेलात तर पावणेचार तास आणि ७५ लिटर. सातनं गेलात तर सव्वाचार तासांच्या जरा वर आणि ५१-५२ लिटर. अर्धा-पाऊण तासासाठी तेवीस-चोवीस लिटर जाळलेत, तेही एका बाजूला.

बोट पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच्या लाटेत अडकते. पाण्यात बसलेली लांबी छत्तीस फूट असेल तर आठ मैलांच्या आसपास तिची हद्द येते. त्यापुढे थ्रॉटल ओढला की मागचं बुड खाली बसतं, मागे लाट उंच उठते, आवाज वाढतो आणि तांडेलाला वाटतं बोट पळतेय. मागे वळून लाट बघा. लाट जितकी उंच, तितकं तुमचं डिझेल समुद्र ढवळण्यात गेलं.

लिलावाची वेळ गाठायची असेल तर ओढा, मी काही म्हणणार नाही. पण रिकाम्या बोटीनं पहाटे बाहेर पडताना कशाला?

वजन आणि पाणी

बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, बघा. एक घनमीटर खारं पाणी टनाच्या वर भरतं. फळ्यांखाली साचलेलं, कोणी न उपसलेलं पाणी, जुन्या जाळ्यांचे ढीग, तुटक्या गिअर बॉक्सचं खोकं, गेल्या साली बदललेला नांगर... बोट धर्मशाळा झालेली असते. सगळं बहुतेक मागच्या अंगाला ठेवलेलं, म्हणजे बुड आणखी खाली. अर्ध्या दिवसात उतरवून टाका.

गळती

इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुना फ्लेक्स अंथरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे पडले ते दिसतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला दोन-तीन लिटर सहज. इंजेक्टरांच्या डोक्यावरून जाणाऱ्या बारीक परतीच्या नळ्या, फिल्टरचं वॉशर, टाकीचा कॉक, क्लिपांखालचं रबर, ह्या जागा बोटानं चाचपा. इंजिन बंद असताना. चालू इंजिनात जाड पायपाला तडा असेल तर फवारा डोळ्यांना न दिसताही कातडीतून आत जातो. त्या जखमेला घरगुती औषध नाही, तशीच गाडीत घालून दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा धरा, हात नको.

पण सगळ्यात फसवी गळती बाहेर दिसतच नाही. साखरीनाट्याच्या एका मालकानं मला कौतुकानं सांगितलं, "आमचं इंजिन ऑइल खात नाय. तीन महिन्यांत टॉपअप नाय केलं." मी डिपस्टिक ओढली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर. पट्टी बोटांत चोळली तर रॉकेलसारखी पातळ, वास डिझेलचा. फीड पंपाचं पडदं फाटलं होतं आणि डिझेल थेट संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरत होतं. ऑइल कमी होत नाही म्हणून मालक खूश, आणि आत बेअरिंगांना वंगणाऐवजी डिझेल मिळतंय. असं दिसलं तर इंजिन चालू करू नका. धक्क्यापर्यंतसुद्धा नको. ऑइल फार पातळ आणि फार वाढलं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम पळू शकतं, मग चावी फिरवून बंद होत नाही. अशा वेळी डिझेल तोडून उपयोग नसतो. हवेचं तोंड फळीनं किंवा जाड गोणपाटानं दाबून कोंडावं लागतं, तेही जमलं तर. नाहीतर माणसं तिथून बाजूला काढायची.

आणि माणूस. कॅनमध्ये तासाचा आकडा ठीक येतो, गळती नाही, तरी फेरीचा हिशोब जुळत नाही, तेव्हा मी गप्प बसतो आणि टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का एवढं विचारतो.

हवा

तळाला जाण्याआधी इंजिन रूमचं झाकण उघडा. अक्षरशः. चालत्या बोटीत, रोजच्या आरपीएमला, झाकण लावलेलं असताना धूर बघा, मग झाकण सताड उघडून पाच मिनिटं बघा. धूर पातळ झाला किंवा आरपीएम पन्नासनं वर गेला तर इंजिन गुदमरत होतं. एक लिटर डिझेल नीट जळायला हजारो लिटर हवा लागते. आमच्याकडे मात्र इंजिन रूमच्या झरोक्यांवर दोरखंडाची वेटोळी, ओली जाळी, कोणाची तरी चादर. आत हवा तापलेली, तापलेल्या हवेत प्राणवायू कमी, आणि डिझेल काळं होऊन बाहेर.

हवेचा फिल्टर काढून उजेडात धरा. मिठाची पापडी आणि ऑइलची वाफ मिळून त्यावर थर बसतो, तो झटकून जात नाही. बदला. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं चाक) असेल तर फिल्टर न लावता इंजिन चालवून बघायचा प्रयोग करू नका. ज्या वेगानं ते चाक फिरतं त्याला एक नटसुद्धा पुरतो.

सायलेन्सरची नळीही ह्याच खात्यात. पाणी मिसळून बाहेर काढणारी असेल तर वळणावर मीठ आणि काजळी मिळून दगड होतो. चार इंचाच्या नळीत दोन बोटं जाण्याइतकी वाट उरलेली मी बघितली आहे.

पाण्याचं तापमान

जास्त तापमानाला सगळे घाबरतात, कमी तापमानाकडे कोणी बघत नाही. कधीकाळी इंजिन तापलं म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावरच कूलरकडे सोडणारी झडप) काढून फेकलेला असतो. "काढल्यापासून एकदम गार चालतंय मिस्त्री!" चालणारच. पंचावन्न डिग्रीवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, सकाळी पांढरा धूर बराच वेळ राहतो, लायनर लवकर झिजतात. ह्या इंजिनांना पाऊणशे ते पंच्याऐंशीच्या दरम्यान आवडतं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात नेमका आकडा असेल तो धरा. थर्मोस्टॅट परत बसवा, आणि पूर्वी तापत का होतं ते शोधा. बहुतेक वेळा कूलरच्या नळ्या तुंबलेल्या किंवा समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर पाती तुटलेला निघतो.

डिझेल स्वच्छ आहे का

वॉटर सेपरेटरचा नट सैल करून तळाचं बरणीत घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला किंवा काळी बुळबुळीत घाण तरंगली, तर टाकी धुवायला काढा. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात तिथं ही बुरशी वाढते. बंदीचे दोन महिने अर्धी रिकामी टाकी पावसात उभी राहते, आतल्या भिंतींवर दव धरतं, आणि ऑगस्टमध्ये मिस्त्रीला फोन येतो. टाकी भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी आणि कोरडी.

आता बोटीखाली

बोट पाण्यात असेल तर चांगला पोहणारा खलाशी खाली पाठवता येतो, पण इंजिनाची चावी त्याच्या स्वतःच्या खिशात असली पाहिजे. तांडेलाच्या नाही, मालकाच्या नाही. त्याच्या.

त्यापेक्षा उधाणाच्या दिवसांत वाळूवर घ्या. अमावस्या-पुनवेच्या भरतीला बोट आत घ्यायची, ओहोटीला ती कोरडी बसते, आणि पाच-सहा तास हातात मिळतात. तिथी मात्र बघा. उधाण उतरायला लागल्यावर भरतीच्या शेंड्याला बोट चढवलीत तर भांगाचं (दोन उधाणांमधल्या दिवसांतलं, कमी चढणारं) पाणी तिच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पुढच्या उधाणापर्यंत ती तिथंच, गावाच्या करमणुकीला.

तळावर काय बघायचं? शेवाळाचा पातळ बुळबुळीत थरही बोट अडवतो. पांढरे, टोकदार बार्नॅकल धरले असतील तर बोलायलाच नको. हात फिरवलात तर सोलून निघेल. बंदीआधी रंग मारून बोट दोन महिने पाण्यातच नांगरून ठेवली असेल तर तिचा तळ उभ्या बोटीचा तळ. चालत्या बोटीपेक्षा उभ्या बोटीवर जास्त धरतं. खरवडा, धुवा, अँटिफाउलिंगचे (तळावर काही धरू न देणाऱ्या रंगाचे) डबे उघडा. कूलिंगचे पाइप तळाखालून गेले असतील तर तेही, पण त्यांच्यावर रंग थापू नका, उष्णता बाहेर जात नाही.

मग पंखा. तळ महिनोन्महिने नाही धुतला तरी चालेल एक वेळ, पण पंखा घासा. तेवढ्या जागेतून सगळी ताकद जाते. चकाकेपर्यंत घासा. प्रत्येक पातीची कड बोटानं चाचपा: वाकलेली, चिरलेली, टवका गेलेली. सुकाणूच्या दांड्याला काठी बांधून पंखा हातानं फिरवा आणि प्रत्येक पातीचं टोक काठीपासून सारख्याच अंतरावरून जातं का बघा. एक पात पुढेमागे जात असेल तर तीच फळ्यांखालची थरथर.

आणि पंखा व बेअरिंग यांच्यामधली चार बोटांची फट. ती टॉर्च लावून बघा.

मिरकरवाड्याची एक बोट. मालकानं हंगामात दोनदा पंप उतरवला, दोनदा कॅलिब्रेट करून आणला, नोझल नवे घातले. काळा धूर तसाच, आरपीएम दीडशेनं कमी. मी ओहोटीला चिखलात गुडघे टेकून त्या फटीत बोट घातलं तर काहीतरी गुळगुळीत, टणक, काळसर. मला आधी वाटलं बेअरिंगचं रबर सरकून बाहेर आलंय. हॅकसॉचं पातं लावलं तर आतून हिरवा रंग दिसला. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळून, घासून, वितळून त्याचं कडं झालं होतं, बांगडीसारखं, अंगठ्याएवढं जाड. सव्वा तास कापत होतो, वर भरती चढत होती. ते निघाल्यावर शाफ्ट हातानं फिरला. त्या दिवसापर्यंत दोन माणसांनी पाना लावूनही नीट फिरत नव्हता, आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

म्हणून बोट कोरडी असताना न्यूट्रलमध्ये पंखा हातानं फिरवून बघा. जड असेल तर आत बोटीत जाऊन ग्लँड बघा, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जागा. पाणी एक थेंब येऊ नये म्हणून कोणीतरी पॅकिंग आवळून आवळून शाफ्टला ब्रेक लावलेला असतो. जुन्या पद्धतीचा दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड चालू असताना मिनिटाला काही थेंब गळायलाच हवा. तो थेंबच शाफ्टला गार ठेवतो. चालवून आल्यावर ग्लँडला हात लावा; हात ठेवता येत नसेल तर सैल करा.

पंखा त्याच बोटीचा आहे ना?

इथं माझा थोडा राग निघतो. जुना पंखा तुटला की कोणी मोडीत निघालेल्या बोटीचा "जवळपास तसाच" पंखा स्वस्तात आणतो. व्यास सारखा दिसतो, पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) कोण मोजतं? पिच जास्त असली की इंजिन आयुष्यभर चढावर दुसऱ्या गिअरऐवजी चौथ्यात चालल्यासारखं चालतं. गव्हर्नर (पंपातला आरपीएम सांभाळणारा भाग) आरपीएम धरायला डिझेल ओतत राहतो, आरपीएम काही चढत नाही, आणि ते जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं.

तपास सोपा. तळ स्वच्छ, बोट नेहमीच्या वजनाची, जाळं वर, समुद्र शांत. थ्रॉटल पूर्ण. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेला आरपीएम लेझर टॅकोमीटरवर यायला हवा. आठ-दहा टक्के कमी आला तर पंखा जड आहे. फार वर गेला तर हलका. हीच चाचणी घाणेरड्या तळावर केलीत तर पंख्यावर उगाच आळ येईल, म्हणून ती इथं, तळ धुतल्यावर.

टॅकोमीटर हातात आहे तोवर शाफ्टवरही धरा. गिअर बॉक्स दोनास एकचा असेल आणि इंजिन १५०० वर असेल तर शाफ्ट ७५० फिरलाच पाहिजे. ७०० दिसला तर क्लच घसरतोय. गिअर ऑइलला जळका वास येईलच.

पिच कमी करणं, पात्या सरळ करणं हे हातोड्यानं धक्क्यावर करायचं काम नव्हे. पंखेवाल्याकडे इंजिनाची एचपी, पाटीवरचा आरपीएम, गिअरचं प्रमाण, बोटीची लांबी आणि तुम्ही मोजलेले आकडे घेऊन जा.

इंजिनाच्या आत, पण पंपाच्या बाहेर

इथवर सगळं ठीक निघालं तरच पाने काढा.

टॅपेट: इंजिनाच्या पुस्तकातल्या मापानं, फिलर गेज लावून, पुस्तकात सांगितलंय तसं गार किंवा गरम. अंदाजानं "थोडं टकटक ठेवायचं" हे चालत नाही.

नोझल: आयडलला एकेका इंजेक्टरच्या पायपाचा नट, चिंधी गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, अर्धा आटा सैल करा. इंजिन अडखळलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर फुकट खात होता. नट लगेच आवळा. ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या इंजिनांवर. कॉमन रेलवर केलीत तर हात जाईल. संशय आलेला नोझल काढून टेस्टरवर द्या. चांगला नोझल धुक्यासारखा फवारा मारतो आणि कापल्यासारखा थांबतो. वाईट नोझल पिचकारी मारतो आणि शेवटी टोकावर थेंब लोंबतो. तो थेंब जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुतो आणि संपमध्ये उतरतो. नोझलखालचं तांब्याचं वॉशर प्रत्येक वेळी नवं, आणि जुनं आत भोकात राहिलं नाही ना ते बघा. दोन वॉशर एकावर एक बसवलेली बोट मी ह्याच वर्षी दुरुस्त केली.

इथं थांबा

पंपाचं सील तोडू नका. गव्हर्नरचा स्क्रू "अर्धा आटा" फिरवू नका. पंपाच्या कपलिंगवरची खूण सरकलेली दिसली तर फोटो काढा आणि टायमिंग करणाऱ्याला बोलवा. ते कानानं लागत नाही. टर्बोच्या शाफ्टला खेळ जाणवला, ऑइल भरायच्या तोंडातून वाफेसारखा धूर भकाभका येतोय, निळा धूर थांबत नाही, पांढऱ्या धुराबरोबर कूलंट कमी होतंय, ह्या सगळ्याला वर्कशॉप आहे. इंजिन आणि शाफ्टचं अलाइनमेंटही जाणत्याकडूनच, आणि बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस झाल्यावर. कोरड्यावर केलेलं अलाइनमेंट बोट तरंगली की बदलतं, विशेषतः लाकडी बोटीचं.

पंप पाठवायचाच असेल तर नोझलही बरोबर पाठवा आणि कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या, प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल सोडतो ते त्यावर असतं. पंप बसवला की पहिल्या फेरीआधी तोच कॅन, तोच आरपीएम, तोच अर्धा तास. नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. दोन्ही सारखे आले तर मला फोन करण्याआधी पुन्हा एकदा ओहोटीची वेळ बघा.